दोन टाळू : एक प्रस्तावना

मराठीत टाळू दोन आहेत. एक तान्ह्या बाळाच्या डोक्यावरची मऊ जागा. बाळ झोपलं की ती उडताना दिसते, आजी तिच्यावर कोमट तेल घालते आणि वर्ष-दीड वर्षाने तळवा फिरवून सांगते, 'भरली हो टाळू.' दुसरी तोंडातली, गरम चहाने पोळते ती. शब्दकोशात हे दोन अर्थ शेजारीशेजारी नांदतात. रुग्णालयात मात्र त्यांचे मजले वेगळे. डोक्यावरची टाळू न्यूरोसर्जनकडे जाते आणि तोंडातली प्लास्टिक सर्जनकडे किंवा आमच्यासारख्या दातांच्या डॉक्टरांकडे.

इतकी वर्षं ही मुलं पाहिल्यावर मला वाटतं, भाषेने या दोन जागांना एक नाव दिलं त्यात काही चुकलेलं नाही. दोन्ही ठिकाणी हाडं एकमेकांच्या दिशेने येत असतात आणि दोन्ही ठिकाणी खरा प्रश्न वेळेचा असतो. तोंडातली टाळू गर्भाच्या साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत जुळून जायला हवी. डोक्यावरच्या टाळूला जन्मानंतर वर्ष-दीड वर्षाची सवलत आहे, आणि तिला येऊन मिळणाऱ्या कवटीच्या बहुतेक शिवणी तर माणूस कर्ता होईपर्यंत पुरत्या मिटत नाहीत. पहिल्या ठिकाणी वेळ चुकली की टाळू दुभंगलेली राहते. दुसऱ्या ठिकाणी हाडांनी घाई केली की कवटी लांबट, निमुळती किंवा उंच होते. नव्या विद्यार्थ्यांच्या पहिल्या तासाला मी एवढंच सांगतो आणि तास संपवतो. बाकीचं त्यांनी मुलांकडे बघून शिकावं.

हे पुस्तक दंतवैद्यकाच्या आणि प्लास्टिक सर्जरीच्या विद्यार्थ्यांसाठी लिहायला घेतलं, पण ते त्यांच्यापुरतं ठेवायची इच्छा नाही. स्पीच थेरपिस्ट, बालरोगतज्ज्ञ, प्रसूतिगृहातल्या सिस्टर, शाळा तपासत फिरणारे वैद्यकीय अधिकारी आणि ज्यांच्या घरी असं मूल जन्मलं आहे ते आईवडील, या सगळ्यांनी आत यावं. काही प्रकरणांत कोन आणि मिलिमीटर फार आहेत. ती पानं उलटून पुढे गेलात तर लेखकांना वाईट वाटणार नाही. निदान मला तरी नाही.

बाहेरच्या जगाला या विषयाची ओळख होते ती दोन फोटोंनी. डावीकडे ओठ फाटलेलं बाळ, उजवीकडे तेच बाळ हसताना. 'स्माइल पिंकी' या माहितीपटाला २००९ साली ऑस्कर मिळालं तेव्हा दुभंगलेला ओठ नीट करता येतो ही गोष्ट चर्चेत आली, ते फार बरं झालं. जगभरात साधारण ७०० जन्मांमागे एक मूल ओठ किंवा टाळू दुभंगून जन्माला येतं. एवढ्या मोठ्या संख्येच्या मानाने हा विषय फारच कमी बोलला जातो. पण त्या दोन फोटोंमधलं अंतर काही आठवड्यांचं असतं. आमचा विषय उजवीकडच्या फोटोनंतर सुरू होतो आणि अठरा वर्षं चालतो. हसणारं ते बाळ पाच वर्षांचं झाल्यावर, दहाचं झाल्यावर, मिसरूड फुटल्यावर कसं दिसतं, कसं चावतं, कसं बोलतं, हे सांगणारा तिसरा, चौथा, पाचवा फोटो सहसा कुणी छापत नाही.

आमच्या खोलीतल्या एका फडताळात हे पुढचे फोटो प्लास्टरमध्ये होते. एका मुलाच्या जबड्याची पाच मॉडेलं मी ओळीने मांडून ठेवली होती. पहिलं तीन महिन्यांचं, अर्ध्या लिंबाएवढं. घोड्याचा नाल एका बाजूला मोडावा तशी हिरडीची कमान तुटलेली, आणि फटीत माझ्या करंगळीचं टोक मावेल एवढी जागा. दुसरं पाच वर्षांचं. दुधाचे दात आलेले, फट बुजलेली, टाळूच्या मधोमध सुंभासारखा पीळ पडलेला व्रण, आणि त्या व्रणाकडे दोन्ही बाजूंच्या दाढा कलत्या झालेल्या. तिसरं नऊ वर्षांचं. इथे वरचे पुढचे दात खालच्या दातांच्या मागे जाऊन बसले होते. चौथं चौदाचं, त्यात तेच, पण अधिक. पाचवं जबड्याच्या ऑपरेशननंतरचं, एकोणिसाव्या वर्षीचं, दातावर दात बसलेलं. यात कुणाची चूक नव्हती. ओठ उत्तम शिवला होता, टाळू उत्तम शिवली होती. तरी वरचा जबडा वर्षागणिक मागे पडत गेला. का, हे विचारायला लागलात की तुम्ही या शास्त्रात आलात.

त्यासाठी आधी हाड वाढतं कसं ते बघायला हवं, आणि हाड वाढताना दिसत नाही ही मोठी अडचण. तिच्यावरचा पहिला उपाय जेवणाच्या ताटात सापडला. १७३६ साली लंडनमध्ये जॉन बेल्चियर नावाचा सर्जन एका कापड छापणाऱ्याकडे जेवायला गेला होता. ताटातल्या डुकराच्या मांसातलं हाड लाल दिसलं. चौकशी केली तर कळलं की कापड रंगवताना वापरलेला कोंडा डुकरांना खायला घालत, आणि त्या कोंड्यात आपल्या मंजिष्ठेच्याच कुळातल्या झाडाच्या मुळांचा रंग उतरलेला असे. रंग खाण्यात असताना जे हाड नव्याने तयार होई तेवढं लाल, बाकीचं पांढरं. पुढे जॉन हंटरने हीच युक्ती वापरून दाखवलं की खालचा जबडा फुग्यासारखा चहूकडून फुगत नाही. मागच्या कडेला नवं हाड चढतं, पुढच्या कडेचं जुनं झिजतं. घराला मागून खोल्या वाढवत आणि पुढून भिंती पाडत जावं, तसं.

१९३१ साली अमेरिकेत क्लीव्हलंडला ब्रॉडबेंट यांनी डोकं एका चौकटीत पक्कं धरून बाजूने एक्स-रे काढायची पद्धत बसवली. त्याच वर्षी जर्मनीत होफ्राथ यांनीही तेच केलं. त्यामुळे एकाच मुलाचे दरवर्षीचे एक्स-रे एकमेकांवर ठेवून बघता येऊ लागले. आज हे काम संगणक करतो. आमच्या पिढीने ते अंधाऱ्या खोलीत, उजेडाच्या पेटीवर फिल्म चिकटवून, पारदर्शक कागदावर टोकदार पेन्सिलीने केलं. नाकाच्या मुळाशी एक ठिपका, कवटीच्या तळातल्या खळग्याच्या मध्यावर दुसरा, वरच्या जबड्याच्या पुढच्या खोबणीत तिसरा. तीन ठिपके जोडले की एक कोन मिळतो, आणि वरचा जबडा किती पुढे आहे हे तो कोन सांगतो. ठिपका अर्धा मिलिमीटर सरकला तर निष्कर्षही सरकतो, हे ज्याने स्वतः ट्रेसिंग केलं आहे त्याला सांगावं लागत नाही. कोपनहेगनचे आर्ने ब्योर्क यांना हा ठिपक्यांचा संशय इतका छळत होता की १९५०च्या दशकात त्यांनी मुलांच्या जबड्यांत टँटलम धातूच्या बारीक खिळ्या बसवल्या. हाड सभोवती बदललं तरी खिळा जागचा हलत नाही. त्यातून कळलं की दोन्ही जबडे वाढता वाढता हळूहळू वळतातही, आणि बाहेरून होणारी भर-झीज ते वळणं झाकून टाकते. आज असा प्रयोग कुठलीही नीतिसमिती मान्य करणार नाही. त्या खिळ्यांमुळे मिळालेलं ज्ञान मात्र आपण सगळेच वापरतो.

आता मूळ प्रश्न. दुभंगलेल्या टाळूच्या मुलाचा वरचा जबडा मागे पडतो, तो जन्मतःच वाढीत कमी असतो म्हणून की आपण त्याला शिवलं म्हणून? वाढ कमी आहे की वाढ अडली आहे? या एका फरकावर माझ्या मते सगळं शास्त्र उभं आहे, आणि या पुस्तकातलं प्रत्येक प्रकरण हा प्रश्न कधी उघड, कधी आडून विचारतं.

१९४९ साली शिकागोच्या ग्रेबर यांनी ऑपरेशन झालेल्या मुलांचे एक्स-रे मोजले आणि सर्जन मंडळींना न रुचणारं उत्तर दिलं. फार लवकर आणि फार ओढाताण करून केलेल्या शस्त्रक्रियेने जबडा खुंटतो, तेव्हा थांबा, असं त्यांचं म्हणणं होतं. याची खातरजमा करायची तर अजिबात ऑपरेशन न झालेली माणसं हवीत, आणि श्रीमंत देशांत ती मिळेनात. ती मेक्सिकोत ओर्तिझ मोनास्तेरिओ यांना मिळाली. १९५९ साली त्यांनी टाळू न शिवलेल्या प्रौढांची मापं प्रसिद्ध केली. टाळूला भलंमोठं भोक, आणि वरचा जबडा छान पुढे आलेला. पुढे १९८०च्या दशकात लंडनचे मायकेल मार्स श्रीलंकेला गेले. तिथे तीन गट एकाच समाजात सापडले: काहीच न शिवलेले, फक्त ओठ शिवलेले आणि ओठ-टाळू दोन्ही शिवलेले. पहिल्या गटाचे जबडे चांगले वाढलेले होते. दुसऱ्यातही वाढ बऱ्यापैकी होती, पुढचे दात तेवढे आत कललेले. मागे पडलेले जबडे तिसऱ्या गटात जास्त. निदान एका बाजूच्या दुभंगात तरी मुलाजवळ वाढीची ताकद असते. व्रण तिला आवळून धरतो.

हे निष्कर्ष विद्यार्थी पाठ करतात तेव्हा मी त्यांना थोडं थांबवतो. ही माहिती आपल्याला मिळाली ती त्या माणसांपर्यंत कुणी डॉक्टर वेळेत पोचला नाही म्हणून. वीस-तीस वर्षं ती तशीच जगली, नाकातून बोलली, पाणी पिताना ते नाकातून आलं, लग्नं अडली. शास्त्राच्या आलेखावर ज्याला आपण 'शस्त्रक्रियाविरहित गट' म्हणतो तो उपेक्षेने तयार झालेला गट आहे. श्रीलंकेच्या त्या प्रकल्पात पुढे या लोकांची ऑपरेशनं झाली, हे बरं. पण मोठेपणी टाळू शिवून बोलण्यात फारसा फरक पडला नाही. बोलायच्या सवयी तोवर घट्ट बसल्या होत्या.

बोलणं आलं की वाढीचा सोपा हिशेब फिसकटतो. 'ब' म्हणायला तोंडात हवा कोंडावी लागते आणि मग ओठ उघडावे लागतात. मागची टाळू बंद होत नसेल तर हवा नाकातून निसटते आणि 'ब'चा 'म' होतो. बाबा म्हणून हाक मारणाऱ्या मुलीच्या तोंडून मामा येतं. बाबा समजून घेतो. शाळेतली मुलं घेत नाहीत. म्हणून बोलणं सांगतं, लवकर शिवा; जबडा सांगतो, थांबा. जर्मनीत मारबुर्गला श्वेकेंडीक पिता-पुत्रांनी जबड्याचं ऐकलं. १९४४ पासून त्यांनी मऊ टाळू लवकर शिवली आणि कठीण टाळूचं भोक बारा-चौदा वर्षांपर्यंत तबकडीने झाकून ठेवलं. मुलांचे चेहरे सुंदर वाढले. नंतर बाहेरच्या तज्ज्ञांनी त्यांचं बोलणं तपासलं, ते निराश करणारं निघालं.

दुसऱ्या टोकाचा सगळ्यात भक्कम पुरावा अगदी अलीकडचा आहे. फक्त टाळू दुभंगलेल्या ५५८ बाळांना युरोप आणि दक्षिण अमेरिकेतल्या २३ केंद्रांत चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत वाटलं: एकाची टाळू सहाव्या महिन्यात शिवली, दुसऱ्याची बाराव्या. २०२३ साली निकाल छापून आला. पाच वर्षांची झाल्यावर टाळू अपुरी बंद होणारी मुलं पहिल्या गटात ८.९ टक्के, दुसऱ्यात १५ टक्के. बोलण्याच्या बाजूने हा कौल स्पष्ट आहे. चेहरा मात्र पाचव्या वर्षी अर्ध्या वाटेवर असतो. या मुलांच्या जबड्यांचा हिशेब ती मोठी झाल्यावरच लागेल. मला विचाराल तर, आजवर ज्या आयांशी बोललो त्यांतल्या बहुतेकींचं उत्तर ठरलेलं होतं: 'आधी बोलू दे हो त्याला, चेहऱ्याचं मागनं बघू.' मी त्यांच्या बाजूचा आहे. अठराव्या वर्षी जबडा पुढे आणता येतो, गेलेली भाषा त्या वयात परत आणणं फार कठीण.

किती वेळा शिवावं, कितीदा यंत्रं लावावीत, यावरही याच धर्तीचे वाद आहेत. बाळाला ऑपरेशनआधी टाळूत तबकडी बसवून कमान जुळवायची पद्धत १९५०च्या दशकात आली आणि झपाट्याने पसरली. शिकागोच्या सॅम्युएल प्रुझान्स्की यांनी १९६४ साली तिच्याविरुद्ध लेख लिहिला आणि शीर्षकातच आपला विरोध जाहीर केला. नेदरलँड्सच्या यादृच्छिक चाचणीत पुढे दिसलं की तबकडीने कमानीत झालेला बदल टिकत नाही. १९९२ साली युरोपातल्या सहा केंद्रांची तुलना झाली. जिथे जास्त ऑपरेशनं आणि जास्त उपकरणं, तिथे निकाल चांगले, असं काही आढळलं नाही. त्या तुलनेला वापरलेली पट्टी पाच पायऱ्यांची होती. ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट, लंडन आणि ओस्लो या नावांतून तिचं नाव पडलं गॉसलॉन. दहाएक वर्षांच्या मुलाचं दातांचं मॉडेल हातात घ्यायचं आणि एक ते पाच आकडा द्यायचा. विद्यार्थ्यांनो, ही पट्टी आधी शिका. महाग यंत्र लागत नाही, डोळा लागतो.

आपल्याकडचा एक धागा इथे सांगायला हवा. मुंबईचे प्लास्टिक सर्जन चार्ल्स पिंटो यांच्या हाताखाली शिकलेले डॉ. हिरजी अडेनवाला केरळात त्रिशूरच्या ज्युबिली मिशन रुग्णालयात गेले आणि तिथे दुभंगलेल्या ओठ-टाळूवर आयुष्यभर काम केलं. तिथल्या केंद्राला त्यांनी गुरूचं नाव दिलं. महाराष्ट्रातला विद्यार्थी अशा कामाकडे लंडन-ओस्लोच्या आधी बघेल तर बरं.

डोक्यावरच्या टाळूकडे आता वळू. बाळाच्या डोक्याचा घेर जन्मतः सुमारे ३५ सेंटीमीटर असतो आणि पहिल्या वाढदिवसाला ४६च्या आसपास. त्यानंतर वर्षाला दोनेक सेंटीमीटर, मग त्याहून कमी. ही धाव मेंदूची असते. मेंदू आतून रेटतो आणि शिवणी मोकळ्या असल्याने कवटी मागे सरते. चेहऱ्याला एवढी घाई नसते. नवजात बाळात चेहरा कवटीच्या आठव्या हिश्श्याएवढा असतो, मोठ्या माणसात निम्म्याएवढा. एखादी शिवण वेळेआधी मिटली की काय होतं ते रुडॉल्फ फिर्शो यांनी १८५१ साली सांगितलं: मिटलेल्या शिवणीच्या काटकोनात वाढ थांबते आणि तिच्या समांतर जास्त होते. डोक्याच्या मधोमध पुढून मागे जाणारी शिवण मिटली तर डोकं होडीसारखं लांब होतं. हा नियम दर वेळी काटेकोर लागू पडत नाही, पण बाळाच्या डोक्यावर बोटं फिरवताना तो मनात असला की निम्मं निदान हातालाच होतं. मिटलेल्या शिवणीच्या जागी बोटाखाली कण्यासारखी कड लागते.

इथे आपल्या घरांतल्या एका समजाबद्दल बोलणं भाग आहे. रोजच्या मालिशीने डोकं गोल होतं, असं बाळंतिणीला हमखास सांगतात. एकाच कुशीवर झोपून चपटं झालेलं डोकं बाळ बसू लागल्यावर आपलं आपण बरंच भरून येतं, आणि त्याचं श्रेय मालीशवाल्या बाईला मिळतं. तिला ते मिळू दे. पण मिटलेली शिवण तेलाने उघडत नाही. 'थांबा, होईल गोल,' म्हणत त्यात सहा महिने गेले तर मेंदू सगळ्यात वेगाने वाढतो तो काळ हातचा जातो. कवटीची शिवण अशी वेळेआधी मिटलेली मुलं २०००-२५०० जन्मांमागे एक असतात. प्रसूतिगृहातून बाहेर पडण्याआधी टेपने घेर मोजून कार्डावर लिहिला, आणि लसीच्या प्रत्येक फेरीला पुन्हा लिहिला, तर यांतली कितीतरी वेळेत सापडतील.

शिवणींच्या आजारांतले काही जनुकातून येतात. पॅरिसच्या युजीन अपेर यांनी १९०६ साली उंच डोकं आणि जुळलेली बोटं असलेल्या मुलांचं वर्णन केलं. ऑक्टाव्ह क्रूझों यांनी १९१२ साली एका आईचं आणि तिच्या मुलाचं: दोघांचे डोळे बाहेर आलेले, चेहऱ्याचा मधला भाग खोल गेलेला. त्यांचा खालचा जबडा पुढे आलेला दिसतो, पण तो भास असतो. खालचा जबडा जागेवर आहे, वरचाच पुढे आलेला नाही. दोन्हींचं मूळ एकाच जनुकात, एफजीएफआर-२ मध्ये, असल्याचं १९९४-९५ मध्ये कळलं. अपेरच्या जवळपास सगळ्या मुलांत बिघाड शेजारशेजारच्या दोनच जागी असतो, आणि तो बहुधा वडिलांच्या बीजात नव्याने घडलेला असतो. वडिलांचं वय जास्त असेल तर शक्यता थोडी वाढते.

हे मी मुद्दाम सांगतो. कुठल्याही जन्मजात वेगळेपणात आपल्याकडे पहिला सवाल बाळंतिणीला होतो. 'ग्रहणात काही चिरलंस का?' विळीला हात लावलास का, सुई-दोरा घेतलास का. मी असल्या उलटतपासण्या वॉर्डाच्या दारात ऐकल्या आहेत, आणि आई खाली मान घालून खरंच आठवत बसलेली पाहिली आहे. ओठ गर्भाच्या सहाव्या-सातव्या आठवड्यात जुळतो. अनेकींना तोवर दिवस गेल्याची खात्रीही झालेली नसते. या पुस्तकातलं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, हे एवढं त्या दारात जाऊन सांगा.

क्रूझोंच्या मुलांत आपला मूळ प्रश्न उलटा होऊन येतो. पॅरिसचे पॉल टेसिए यांनी चेहऱ्याचा अख्खा मधला भाग कापून पुढे आणायची शस्त्रक्रिया बसवली आणि १९६७ साली रोमच्या परिषदेत ती मांडली. तोवर असं धाडस सहसा कुणी केलं नव्हतं. पण लहान वयात पुढे आणलेला चेहरा तिथेच राहतो. तो आपण होऊन आणखी पुढे वाढत नाही. मूल मोठं होतं, खालचा जबडा वाढतो, आणि काही वर्षांनी पुन्हा तेच अंतर दिसू लागतं. दुभंगाच्या मुलात ताकद आहे आणि वाट अडली आहे. इथे वाट मोकळी करून दिली तरी ताकदच तोकडी. दोघांना एकाच वयाच्या तक्त्यात बसवणारा सर्जन एकावर तरी अन्याय करणार.

खालच्या जबड्याच्या प्रकरणांबद्दल इथे थोडक्यातच. पिएर रोबाँ यांनी १९२३ साली ज्यांच्याकडे लक्ष वेधलं त्या बाळांचा खालचा जबडा लहान आणि मागे असतो, जीभ घशाकडे पडते आणि श्वास कोंडतो. गर्भातच जीभ मध्ये अडकल्याने टाळू जुळत नाही, म्हणून तिची फट इंग्रजी यू अक्षरासारखी रुंद असते. हा जबडा पुढे 'भरून काढतो' असं प्रुझान्स्की यांनी १९५४ साली म्हटलं. काही मुलांत तसं होतं, काहींत अर्धवट, काहींत नाही. पहिल्याच महिन्यात आईवडिलांना कुठलाही शब्द देऊ नये. चेहऱ्याची एक बाजू लहान असलेल्या मुलांत ती असमानता वर्षागणिक वाढते की तेवढीच राहते, यावर दोन तट आहेत. अमेरिकेत एका गटाने ती वाढते म्हणून लवकर शस्त्रक्रिया सुचवली, तर १९९७ साली दुसऱ्याने २६ मुलांचे एक्स-रे वर्षानुवर्षं मोजून दाखवलं की दोन्ही बाजू सारख्या गतीने वाढतात. त्या प्रकरणाच्या लेखिकेचं आणि माझं या बाबतीत एकमत नाही. दोन्ही बाजू छापल्या आहेत, वाचकांनी ठरवावं.

आता मापांबद्दल एक इशारा. क्लीव्हलंडच्या मुलांवरून काढलेले वाढीचे नमुने आजही जगभर लावले जातात. आपल्या मुलाचा कोन त्या नमुन्यापेक्षा तीन अंशांनी कमी भरला म्हणून त्याचा जबडा मागे आहे असं लगेच लिहू नका. आधी त्याच्या आईचा, भावाचा चेहरा बघा. आकडा मदतीला घ्यावा, पण निकाल चेहऱ्यावरूनच द्यावा.

शब्दांबद्दलही. 'व्यंग' हा शब्द मी या पुस्तकात येऊ दिलेला नाही. त्यात टोमण्याचा वास आहे. 'दोष' म्हटलं की कुणाचा, असा प्रश्न लगोलग येतो. 'विसंगती' लेखात ठीक. पण मुलासमोर बसलात की सरळ म्हणा, ओठ दुभंगलेला आहे, टाळू उघडी आहे. मुलांना आडपडद्यापेक्षा हे जास्त आवडतं.

फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम पालघरहून सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात होते आणि दुभंगलेला ओठ-टाळू त्याच्या यादीत आहे. मूल सापडणं त्यामुळे पूर्वीपेक्षा सोपं झालं. ते टिकवणं अजून अवघड आहे. ओठ शिवला, टाळू शिवली, मूल शाळेत जाऊ लागलं की घरचे येणं थांबवतात. मग नऊ ते अकरा वर्षांचा तो नेमका काळ निघून जातो, जेव्हा कंबरेच्या हाडाचा चुरा हिरडीच्या फटीत भरला तर सुळा त्यातून खाली उतरू शकतो. तेराव्या वर्षी ते मूल येतं तेव्हा सुळा वाट चुकलेला असतो आणि आम्ही नुसते चुकचुकतो. म्हणून पहिल्याच भेटीत आईवडिलांना पुढच्या तारखांचा कागद द्या. तिसरीत-चौथीत गेला की परत आणा, असं साध्या शब्दांत लिहून.

शेवटी त्या फडताळाचं. मी जिथे काम करत होतो तिथला विभाग एकदा दुसऱ्या इमारतीत हलवला. मॉडेलांची खोकी आठवडाभर व्हरांड्यात पडून होती आणि त्यांतली अर्धी भंगारात गेली. उरलेली मी उचलून आणली आणि पुसत बसलो. बहुतेकांवर नाव होतं, तारीख नव्हती. तारखेशिवाय ते कुणाच्या तरी तोंडाचं प्लास्टर, बाकी काही नाही. ते तीन महिन्यांचं आहे की पाचाचं, ऑपरेशनच्या आधीचं की नंतरचं, हे कुणी सांगू शकत नाही. वर ज्या पाच मॉडेलांचं वर्णन केलं त्यांची तारीख मी स्वतः लिहिली होती, म्हणून ती आजही बोलतात.

तेव्हा नव्याने येणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनो, पहिलं मॉडेल ओताल तेव्हा त्याच्या मागे मुलाचं वय महिन्यांत लिहा आणि खाली तारीख कोरा. प्लास्टर ओलं असतानाच.